ज्याची गाडी त्याने ओढावी

एक जंगल होते. तिथे सगळ्यांना पाय होते. काहींना चार, काहींना दोन, आणि गोमेला किती, हे मोजायला तिला स्वतःलाही सवड झाली नव्हती. ज्याला जिथे जायचे असे तो तिथे पायांनी जाई, आणि वाटेत वाघ दिसला तर त्याच पायांनी परत येई. व्यवस्था जुनी होती, पण चालत होती.

वाघ या जंगलाचा राजा होता. अलीकडे त्याचे वय झाले होते आणि पोट सुटले होते. प्रजा पुढे पळे आणि राजा मागे राही. राज्यकर्त्याला हे शोभत नाही, असे त्याला वाटू लागले. म्हणून त्याने सभा बोलावली.

"बंधूंनो आणि भगिनींनो," राजा म्हणाला, "पलीकडचे जंगल कुठल्या कुठे गेले, आणि आपण? आपण अजून पायी! मला रात्र रात्र झोप लागत नाही. माझे एकच स्वप्न आहे. प्रत्येक दारी गाडी!"

दळणवळणमंत्री तरस शेजारीच उभा होता. राजाचे जेवण झाले की उरलेले त्याला मिळे, त्यामुळे धोरणांच्या बाबतीत त्याचे राजाशी मतभेद नसत. तो ओरडला, "चालेल तो?"

"मागे राहील!" पुढच्या रांगेतली माकडे ओरडली. गाड्यांचा कारखाना त्यांचाच होता.

केवडी नावाच्या नीलगायीला गाडी नको होती. तिच्या पायांचे काही बिघडले नव्हते. पण शेजारच्या गजराकाकू सांबरिणीने पळसफुलांच्या रंगाचे लाल छत असलेली गाडी घेतली, आणि रोज संध्याकाळी ती केवडीच्या झुडपासमोरून नेऊ लागली.

"डोहावर निघालीस का गं?" गजराकाकू विचारत. "पायीच? बरं बरं. तब्येतीला चांगलं असतं म्हणतात. ज्यांना परवडत नाही ते असंच म्हणतात."

केवडीने ऐकून घेतले. पण तिचे वासरू, बोरू, घरी येऊन रडले. गाडी नाही म्हणून बाकीची पिल्ले त्याला खेळायला घेत नव्हती. मग केवडी वानरशेठच्या दुकानी गेली, नाल्याकाठचे अर्धे कुरण लिहून दिले आणि गाडी घेतली.

"ओढायला कोण येणार?" तिने विचारले.

वानरशेठ पोट धरून हसला. "वहिनी, ज्याची गाडी त्यानेच ओढायची. दुसऱ्याने ओढली तर मालकी कसली?"

केवडीला यात काहीतरी चुकते आहे असे वाटले. पण दुकानात गर्दी होती, मागून सगळे ढकलत होते, आणि तिच्या मानेवर जू बसवूनही झाले होते.

अशा रीतीने सगळे जंगल गाडीवान झाले. डोहावर जाताना पूर्वी उड्या मारत जाणारे आता माना खाली घालून, रिकामी गाडी ओढत जाऊ लागले. केवडीला एक गोष्ट नीट लक्षात आली. डोहावर पोटभर पाणी प्यावे आणि गाडी ओढत घरी यावे, की घरी पोचताना पुन्हा तितकीच तहान लागलेली असे. प्यालेले पाणी गाडी परत आणण्यात जाई. गाडी नसती तर ते पोटात राहिले असते. हे तिने गजराकाकूंना समजावून सांगितले.

"तुझ्या डोक्यात नको ते भरलंय," काकू धापा टाकत म्हणाल्या. "वंगण लाव चाकाला. करंजाचं लाव, महाग असतं पण चांगलं असतं."

गाडी ओढून भूक वाढली. भूक वाढल्यावर गवत महागले. लिहून घेतलेल्या कुरणांना माकडांनी कुंपण घातल्यावर ते आणखी महागले. ओरड झाली तेव्हा तरसाने निवेदन केले. "पूर्वी आपली जनता थोडे खायची. आज ती जास्त मागते. भूक वाढली, याचाच अर्थ तब्येत सुधारली. गवताचा भाव हा आपल्या भरभराटीचा पुरावा आहे." लोकांनी टाळ्या वाजवल्या. ज्यांना टाळीसाठी पाय उचलणे जमले नाही त्यांनी घंटा वाजवली. घंटा आता प्रत्येक गाडीला सक्तीची होती. अपघात टाळण्यासाठी, कोण कुठून येते आहे हे राजाला लांबूनच कळावे, असा हेतू होता.

या काळात अपघात झाले नाहीत. राजाची तब्येत मात्र फार सुधारली.

पुढे पुढे पिल्ले गाडीत बसूनच जाऊ लागली. बोरू गाडीतच वाढला. एकदा केवडीने त्याला गवतात उतरवले, तर त्याचे पुढचे पाय एकमेकांत अडकले आणि तो तोंडावर पडला. केवडी त्याच्या पायांकडे पाहत राहिली. ते सुंदर होते. काठ्यांसारखे होते. नीलगायीचे नव्हते.

त्याच आठवड्यात गजराकाकू दिसेनाशा झाल्या. केवडी वंगण आणायला गेली, तेव्हा वानरशेठच्या दारात लाल छताची गाडी उभी होती.

"ही घ्या वहिनी," वानरशेठ म्हणाला. "एकाच मालकिणीची, फार न चाललेली. जुवाला एक ओरखडा आहे, तो घासून देतो."

"मालकीण कुठे गेली?"

"पुढे गेली," वानरशेठ म्हणाला आणि जू घासू लागला.

निवडणूक आली. राजाविरुद्ध बिबट्या उभा होता. राजाने वंगण अर्ध्या भावात देण्याचे वचन दिले. बिबट्या म्हणाला, वंगण फुकट, आणि घंटा मोठी. लोकांनी बाजू घेतल्या आणि भांडणे सुरू झाली. सभेत केवडी उठली.

"जू काढून ठेवलं तर?" ती म्हणाली. "म्हणजे, आपल्याला पाय आहेत."

मग तरस दुःखी आवाजात म्हणाला, "ताई, तुम्हाला तुमच्या लेकराला मागे न्यायचे आहे का?"

"बसा खाली!" मागून कोणीतरी ओरडले. "बिबट्याची माणूस आहे ही!"

"राजाची आहे!" बिबट्याच्या बाजूने कोणीतरी ओरडले.

केवडी खाली बसली. त्यानंतर ती सभेत बोलली नाही. रोज पहाटे बोरूला दाट झाडीत नेऊन ती त्याला चालायला लावू लागली. तो पडे, रडे, गाडीत बसतो म्हणे. ती म्हणे, "ऊठ." तो म्हणे, "सगळे गाडीतूनच जातात." ती म्हणे, "ऊठ, बोरू." हळूहळू त्याचे पाय एकमेकांत अडकेनासे झाले. आणि जुवात मान अडकवून ठेवणारी जी लाकडी खुंटी असते, शिवळ, ती केवडीने दातांनी कुरतडून बारीक केली. जू दिसायला होते तसेच राहिले.

एका दुपारी डोहाच्या उतारावर राजा रस्त्यांची पाहणी करायला बसला होता. त्याने केवडीची घंटा लांबूनच ऐकली आणि घाई केली नाही. अलीकडे घाई करावी लागत नसे. तो उठला, आळस दिला आणि रस्त्याच्या मधोमध आला.

"उडी मार!" केवडी ओरडली. बोरूने गाडीतून उडी मारली. केवडीने मान जोरात बाजूला वळवली, शिवळ मोडली, आणि दोघे उतारावरून सुटले. बोरू एकदाच अडखळला. राजा थोडा धावला, मग धाप लागून थांबला आणि रिकाम्या गाडीशेजारी बसून राहिला. घंटा वाऱ्याने वाजत होती.

दुसऱ्या दिवशी फर्मान निघाले. रस्त्यात गाडी टाकून पळून जाणे हा वाहतुकीला अडथळा आहे. प्रवाशांच्या सुरक्षेसाठी यापुढे प्रत्येक जुवाला शिवळीऐवजी लोखंडी कुलूप बसवण्यात येईल. निवडणुकीच्या निमित्ताने कुलूप मोफत.

मोफत म्हटल्यावर पहाटेपासून रांग लागली. ती वळणे घेत डोहापर्यंत गेली. किल्ली कोणाकडे राहणार, हे कोणी विचारले नाही. वाद रंगला तो कुलपाच्या रंगावरून.

झाडीतून केवडी आणि बोरू चालले होते. रांगेतल्या एका चितळिणीला ते दिसले. तिने आपल्या पाडसाला गाडीत नीट बसवले आणि हळहळली.

"बिचारी. अजून पायीच."

"होईल गं," पुढचे रानडुक्कर मान कुलपाखाली देत म्हणाले. "महाराज निवडून आले की तिचीही सोय करतील."