दुसरा रकाना

एकदा एका टेकडीवरच्या वेधशाळेत एक वृद्ध आचार्य ताऱ्यांचे तेज मोजायला शिकवीत असत. आकडा जितका लहान, तितका तारा ठळक, ही तिथली पहिली शिकवण. तेज कमीजास्त होणाऱ्या एका ताऱ्याचे काम त्यांनी दोघांना दिले. मालविकेने टेकडीवरून मोजायचे, श्रीनाथने खाली नदीकाठच्या गावातून.

महिन्याने वह्या समोर आल्या. तारा सर्वांत ठळक असतानाचा मालविकेचा आकडा सव्वातीन, श्रीनाथचा चार. मालविकेचा संताप अनावर झाला. सगळ्यांसमोर ती म्हणाली, "हा खोटारडा आहे. घरी झोपून आकडे लिहितो. माझ्या महिनाभराच्या जागरणाची याने माती केली. याला काढून टाका." श्रीनाथ आपली वही उचलून निघून गेला.

आचार्यांनी वाद घातला नाही. त्यांनी मालविकेचीच वही कपाटात बंद केली. "तीन रात्री श्रीनाथच्या अंगणात बसून ये. आपला तारा मोज आणि त्याच्या शेजारचा, तेज न बदलणारा स्थिर ताराही मोज."

शिक्षा आपल्याला का, या विचाराने ती धुमसतच गेली. नदीकाठी वीटभट्ट्या पेटल्या होत्या. तारा पुन्हा सर्वांत ठळक असण्याच्याच त्या रात्री होत्या, तरी तेजमापकाने चार दाखवले. यंत्रही बिघडलेले, असे पुटपुटत तिने ते शेजारच्या ताऱ्याकडे वळवले. टेकडीवरून तो नेहमी अडीच दिसे, इथे सव्वातीन. दोन्ही तारे सारखेच मंदावले होते. तिने श्रीनाथची वही मागून घेतली. त्याने पहिल्या दिवसापासून दोन रकाने भरले होते, एक आपल्या ताऱ्याचा, दुसरा शेजारच्या स्थिर ताऱ्याचा. तिने एकच वाचला होता.

ती परतली तेव्हा राग आचार्यांवर वळला होता. "तुम्हाला हे ठाऊक होतं. मग मला बोलू का दिलंत?"

"मी थांबवेपर्यंत तुझं बोलून झालं होतं," आचार्यांचा स्वरही कठोर होता. "ताऱ्याचा उजेड आपल्यापर्यंत पोचेतो वाटेतली हवा आणि धूर त्यातला काही भाग खातात. म्हणून एकट्या ताऱ्याच्या आकड्यावर विसंबायचं नसतं, शेजारच्या स्थिर ताऱ्याशी तो ताडायचा असतो. श्रीनाथने ते केलं. तू त्याची वही अर्धी वाचलीस आणि माणूस मात्र पुरता मोजून मोकळी झालीस."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या पंगतीत, सर्वांच्या देखत, मालविकेने श्रीनाथचे दोन्ही रकाने वाचून दाखवले. "मी याला खोटारडा म्हणाले. चूक माझी होती."

श्रीनाथने मान वर केली नाही. त्याचा राग त्या दिवशी गेला नाही, आणि तो लगेच जावा असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही, हे मालविकेला उमगले.