वारा कोंडलेल्या राज्याची राजकन्या

एका राज्यात वारा नव्हता. झाडाचं पान हलत नसे. देवळावरचा ध्वज काठीला चिकटून लोंबत असे. खळ्यांवर मळणी होई, पण उफणायला वारा कुठला? दाणा आणि भुसा एकत्रच पडून कुजे. बंदरात गलबतं होती, पण त्यांची शिडं ओल्या धोतरासारखी ओघळलेली. धूम्राक्ष नावाच्या मांत्रिकानं राज्यातले सारे वारे एका तांब्याच्या पेटीत कोंडले होते आणि ती पेटी उत्तरेच्या काळ्या कड्यावर नेऊन ठेवली होती. त्या कड्याकडे वाट नव्हती.

राजा पृथुसेनानं दरबार भरवला. "पेटी कोण आणील?"

सेनापती शूरपाल उठून उभा राहिला. तो भित्रा नव्हता. म्हणाला, "महाराज, वाट दाखवा, या पावली निघतो. पण जिथं वाटच नाही, तिथं पाऊल टाकायचं कुठं?"

राजाची एकुलती कन्या उत्पला पुढे आली. "तात, मी जाते."

"कन्ये, तिकडे काय आहे, कोणालाच ठाऊक नाही."

"तेच तर पाहायचं आहे!"

धनुष्य, बाणांचा भाता आणि अंबाडीचा लांब दोर घेऊन ती निघाली. राज्याच्या शेवटच्या दगडावर एक धनेश पक्षी बसला होता. तो म्हणाला, "राजकन्ये, इथून पुढचं मी उडत पाहिलं आहे. आधी दरी, मग अरण्य, मग कडा. चालत गेलेलं मी कोणी पाहिलं नाही."

"मग चल, आज पाहशील," उत्पला म्हणाली.

दरी अशी, की टाकलेला धोंडा तळाला लागल्याचा आवाजच येईना. उत्पलेनं बाणाला दोर बांधला आणि पलीकडच्या खडकाच्या फटीत बाण रोवला, दोराचं दुसरं टोक अलीकडच्या धोंड्याला बांधलं. दोराला लोंबकळत, हाताची सालटी निघेतो ती पार गेली. पलीकडच्या मातीत तिनं पाय टेकला. ही माती आजवर कुणा माणसानं तुडवली नसेल! ती एकटीच मोठ्यानं हसली.

धनेश म्हणाला, "पलीकडची गाठ मी चोचीनं सोडतो, दोर ओढून घे. कडा उंच आहे, लागेल. आणि दोर राहिला, तर उद्या कोणीही येईल."

उत्पला थबकली. खरं सांगायचं, तर कोणी येऊ नये असं तिला क्षणभर वाटलं. या मातीवर आपलीच पावलं राहावीत, एकटीची. मग तिला लुळ्या शिडांखाली बसलेले खलाशी आठवले. तिनं दोराची गाठ आणखी आवळली आणि पुढे निघाली.

अरण्यातली झाडं चालती होती. पाठ वळली की जागा बदलत आणि आत शिरलेल्याला गोल गोल फिरवत. उत्पला चक्रावली. दमून एका पोक आलेल्या झाडाला टेकली आणि वैतागून म्हणाली, "अरे कुबड्या, थांब ना जरा!" झाड थांबलं. नाव मिळताच त्यानं मुळं घट्ट रोवली. उत्पलेला हर्ष मावेना! ती धावत सुटली. "तू जटाधारी! तू मधाळ! तू रुसकी!" नाव पडेल ते झाड जागीच उभं राही. तिचा घसा बसला, पण अरण्यातून सरळ ओळ उभी राहिली.

कडा भिंतीसारखा ताठ होता. दोर मागे राहिला होता. तिनं एकेक बाण फटीत ठोकला, त्यावर पाय देत चढली. भाता रिकामा झाला, तेव्हा माथा हाताला लागला.

माथ्यावर तांब्याची पेटी आतल्या वाऱ्यांनी घुमत होती. शेजारी धूम्राक्ष बसला होता, कमरेपर्यंत दगड झालेला. उत्पलेनं झाकणाला हात घातला. झाकण हललं नाही.

"एकट्यानं उघडत नाही," मांत्रिक म्हणाला. "एक हात वाटेवाचून आलेल्याचा हवा, दुसरा त्याच्या वाटेनं आलेल्याचा. मीही इथं पहिलाच आलो होतो, मुली. दुसरा कोणी येऊ नये म्हणून मागचे सारे पूल जाळले. ज्याच्या वाटेनं मागून कोणी येत नाही, त्याचा इथं दगड होतो. पाय बघ तुझे."

उत्पलेची बोटं दगड झाली होती. बघता बघता घोटे गेले, गुडघे गेले. तिनं जिवाच्या आकांतानं हाक मारली. वाराच नव्हता, हाक तिथंच विरली. गारवा मांड्यांवर चढू लागला.

आणि कड्याखालून धापा ऐकू आल्या! आधी एक हात वर आला, मग घामानं थबथबलेला सेनापती शूरपाल.

"सेनापती! तुम्ही?"

"तुमच्या काळजीनं दरीपाशी आलो, तर दोर बांधलेला. अरण्यात झाडं रांगेत उभी. कड्याला बाण ठोकलेले," तो धापा टाकत म्हणाला. "वाट दिसली, मग न येऊन कसं चालेल?"

"हात लावा! लवकर!"

दोघांनी झाकण उचललं. काय तो वारा सुटला! उत्तरेचा, समुद्राचा, आमराईचा, सारे एकदम गरजत उसळले. धनेश गरगरत आभाळात फेकला गेला आणि आनंदानं ओरडला. खाली दूरवर शिडं फुगली. खळ्यांवर बायकांनी सुपं उंच धरली, दाणा राशीत पडला, भुसा उडाला. उत्पलेचे पाय पुन्हा रक्तामांसाचे झाले.

धूम्राक्षाचेही झाले. मंत्र सरले होते, उरला होता एक थकलेला म्हातारा. तो चाचरत म्हणाला, "राजकन्ये, तुझ्या वाटेनं मला खाली उतरता येईल?"

उत्पलेनं कड्याच्या पहिल्या बाणाकडे बोट दाखवलं. "वाट आता माझी नाही, बाबा. सावकाश उतरा. तिसरा बाण जरा सैल आहे."

उत्पलेची वाट रुळली, तशी ज्याच्या त्याच्या मनातली वाट रुळो.