लाल ठिपका

नदीकाठच्या एका गावात एक जाडजूड वही होती, आणि ती कुणा एकाची नव्हती. देवळाच्या ओसरीवर ती कायम उघडी असे. ज्याला जे ठाऊक असेल ते त्याने तिच्यात लिहावं: कोणत्या तापावर कोणता पाला, घाट कुणी बांधला, पूर कधी आला. नियम एकच होता. हे कुठून कळलं, ते शेजारी समासात लिहायचं. आधार नसेल त्या ओळीपुढे लाल ठिपका पडे, आणि पौर्णिमेपर्यंत आधार मिळाला नाही तर ती ओळ खोडली जाई.

वही सांभाळायला काही माणसं आपणहून येत. त्यांत एक तरुणी होती. वहीवर तिचा फार जीव. एकही ठिपका शिल्लक राहिलेला तिला खपत नसे.

एकदा कुणीतरी लिहिलं, ‘गेल्या पुरात नाव उलटली, तेव्हा नावाड्याने प्रवाशांना सोडून आधी स्वतःचा जीव वाचवला.’ समास कोराच होता. तरुणीने ठिपका दिला.

चार दिवसांनी म्हातारा नावाडी ओसरीखाली येऊन उभा राहिला.

“पोरी, ती ओळ काढ. मला वाचता येत नाही, पण माणसं माझी नाव सोडून वरच्या उतारापर्यंत चालत जातात आणि तिथून पायी नदी ओलांडतात, ते दिसतं.”

“काका, तुम्ही स्वतःबद्दलच सांगताय. तो आधार धरत नाहीत.”

“मग त्या कासारणीला विचार. बांगड्यांची पेटी घेऊन ती नावेत होती. डोंगरापलीकडे राहते.”

“म्हणजे तीन दिवसांची चाल.”

“तीनच,” नावाडी म्हणाला. “मीच गेलो असतो, पण मी विचारून आलेलं तू धरणार नाहीस.”

पौर्णिमेला आठ दिवस होते. जाऊन येता आलं असतं. पण शेजारच्या गावातही अशीच एक वही होती, आणि ते गाव अर्ध्या दिवसावर होतं. तरुणी तिकडे गेली. तिथे तीच ओळ सुबक अक्षरात लिहिलेली सापडली. समास शिवणीत दबला होता. पान नीट पसरून बघायला हवं होतं. तिला अंधार पडायच्या आत परतायचं होतं.

परत येऊन तिने लिहिलं, ‘आधार: शेजारच्या गावची वही’, आणि ठिपका खरवडून काढला.

“दोन-दोन वह्या खोटं कशाला लिहितील?” लोक म्हणाले. आजवर ज्यांना शंका होती, तेही आता वरच्या उताराने जाऊ लागले.

पुढच्या उन्हाळ्यात कासारीण गावात आली. तरुणीच्या हातात बांगड्या चढवता चढवता तिने विचारलं, “नावाडी कुठाय? त्याच्या नातीसाठी हिरव्या आणल्यात.”

तरुणीने ती ओळ सांगितली. कासारणीचे हात थांबले.

“मला त्यानेच केसांना धरून काठावर टाकलं. मग परत जाऊन दोघांना आणलं. चौथ्या खेपेला त्याच्या हाती नुसतं पागोटं लागलं. मला विचारायचं होतंस की गं.”

“तुम्ही फार लांब राहता,” तरुणी म्हणाली, आणि तिचं तिलाच ते ऐकवेना.

ती तशीच शेजारच्या गावी गेली. या वेळी तिने पान शिवणीपर्यंत पसरलं. समासात लिहिलं होतं, ‘आधार: नदीकाठच्या गावची वही.’

परतताना ती घाटावर उतरली. नाव काठावर पालथी पडली होती आणि तिच्याभोवती गवत वाढलं होतं. नावाडी नातीला घेऊन थंडीतच निघून गेला होता. कुठे गेला, हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

तरुणीने जुनी ओळ खोडली, खरी लिहिली आणि समासात नोंदवलं, ‘आधार: कासारीण. ती नावेत होती.’ मग तिला त्याखाली आणखी एक ओळ लिहावीशी वाटली, ‘नावाड्याने गावाला माफ केलं.’ बराच वेळ तिने लेखणी हातात धरली. त्या ओळीचा समास कोराच राहिला असता. तिने लेखणी खाली ठेवली.

तात्पर्य: एकच ऐकीव गोष्ट दोन ठिकाणी लिहिली, म्हणून ती खरी होत नाही. ज्याने डोळ्यांनी पाहिलं त्याच्यापर्यंत चालत जावं, आणि वेळेत जावं. ओळ मागाहून सुधारता येते, गेलेला माणूस परत आणता येत नाही.