भट्टीघळीतलं आवडाक्काचं मडकं

फार वर्षांपूर्वी, आपल्यातलं कुणीच नव्हतं तेव्हा, खडकमाळ गावात आवडाक्का नावाची वैदीण होती. गावाला लागून जमीन एकदम फाटल्यासारखी खाली जाते ना, ती भट्टीघळ. दोन्हीकडे उघडे कडे, सावली नाही, पाण्याचा थेंब नाही. दुपारी तिथल्या खडकावर भाकरी भाजून निघते, असं म्हणतात.

पण घळीच्या तळाशी, उन्हाचा हात पोचत नाही अशा कपारीत, कडूमुळी उगवते. तापावर तिच्यासारखं औषध नाही. मात्र उपटली त्याच दिवशी उगाळून द्यायची. दुसऱ्या दिवशी तिचं नुसतं लाकूड होतं. म्हणजे पहाटे उतरायचं आणि दिवस मावळायच्या आत वर यायचं. उतरणं सोपं हो! चढताना मी मी म्हणणारे गडी रडकुंडीला येतात.

म्हणून एक रीत होती. उतरताना अर्ध्या वाटेवर, मोठ्या कपारीपाशी, पाण्याचं मडकं वाळूत पुरायचं आणि वर लिंबाची ओली डहाळी ठेवायची. ओली डहाळी म्हणजे मालक खाली आहे, त्या पाण्याला हात लावू नका. हे शेरडं राखणाऱ्याला ठाऊक होतं, मुक्या माणसाला ठाऊक होतं, आणि इनामदारालाही चांगलं ठाऊक होतं. हे नीट ध्यानात ठेवा!

एका वैशाखात गावात तापाची साथ आली. सात पोरं अंथरुणाला खिळली. त्यातली एक आक्काची नात, बायजा. साठी उलटलेली आक्का पहाटेच उतरली. कपारीपाशी मडकं पुरलं, डहाळी ठेवली, तळ गाठला. सात पोरांच्या सात मुळ्या पदरात बांधल्या आणि उन्हाच्या ऐन भरात चढायला लागली. मडक्यापर्यंत पोचायचं, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

पोचली, तर डहाळी बाजूला फेकलेली. मडकं पालथं. शेजारी चिखल, आणि चिखलात नाल मारलेल्या जोड्याचा ठसा. तसा जोडा त्या पंचक्रोशीत एकाच माणसाच्या पायात होता. इनामदार ससे मारायला उतरला होता. तहान लागली म्हणून प्याला, ते एक वेळ पोटात घातलं असतं. पण उरलेल्या पाण्यानं त्यानं पाय धुतले. पाय! काय म्हणावं असल्या माणसाला?

आक्काची जीभ टाळूला चिकटली होती. पदरातल्या मुळ्या रसरशीत होत्या. एक चावली असती तर ती तरली असती. पण कुणाची चावायची? बायजाची चावावी तर ती आपली, आणि दुसरीला हात लावावा तर ती कुणाच्या तरी लेकराची. तिनं पदराची गाठ आणखी आवळली.

मग तिला असा संताप आला, की त्या कोरड्या घशातून तिनं आरोळी ठोकली, "पाय धुतलेस रे मेल्या? पोरांच्या जिवावर पाय धुतलेस?"

ते ऐकून माणसाला नाही वाटली, पण कड्याला लाज वाटली. कड्याला घाम फुटला, असं म्हणतात. तापलेल्या खडकावर बारीक बारीक थेंब उभे राहिले. आक्कानं ते जिभेनं टिपले. तहान भागली नाही, पण पाय उचलता आला.

दिवस कलताना ती वर आली, ते मडकंही काखेत घेऊन. आधी मुळ्या उगाळल्या, सातही पोरांना चाटवल्या, आणि मगच घोटभर पाणी प्याली. सातही पोरं वाचली. मग रिकामं मडकं घेऊन ती चावडीवर गेली आणि इनामदाराच्या पुढ्यात ठेवलं.

तो हसला. "पाणी दिसलं, प्यालो. त्यावर काय तुझं नाव लिहिलं होतं?"

"डहाळी ओली होती," आक्का म्हणाली. "खाली कुणी आहे का, एवढी एक हाक तरी मारायची होतीस."

त्याला अरेतुरे करणारी ती गावातली पहिलीच.

आक्का त्याच दिवशी गेली, असं काही जण सांगतात. साफ खोटं! ती पुढं वीस वर्षं जगली. इनामदार चावडीत आला की ती ते रिकामं मडकं घेऊन समोर येऊन बसायची. बोलायची नाही, नुसती बसायची. शेवटी त्यानं चावडीत येणंच सोडलं.

आजही वैशाखात गावातला एकेक जण त्या कपारीपाशी भरलं मडकं ठेवून येतो. पहिलं मडकं इनामदाराच्या घरानं न्यायचं, तेही अनवाणी, आणि तिथं एक थेंबही प्यायचा नाही. कपारीतला खडक भर उन्हात ओला लागतो, असं म्हणतात.

आणि खडकमाळात कुणाच्याही घरी जा. माठात शेवटचा तांब्या उरला, तर घरचा माणूस तो तसाच तोंडाला लावत नाही. उंबऱ्याशी येतो, घळीकडे तोंड करतो आणि मोठ्यानं विचारतो, "खाली कुणी आहे का?" मग थोडं थांबतो. खालून कुणाची ओ आली नाही, तरच पितो.