खिचडीचं तीर्थ

“पण माई, मंत्र कधी देणार?”

केळुसकर सरांनी पुन्हा तेच विचारलं.

गडावरच्या गुहेत राहणारी ती म्हातारी गोसावीण. सगळे तिला माई म्हणत. ती पाठीला ऊन घेत बसली होती.

सर निवृत्त मुख्याध्यापक. हयातभर पोरांना उठाबशा काढायला लावल्या, आणि स्वतःचे गुडघे कुरकुरायला लागल्यावर त्यांना देव आठवला. ज्येष्ठांचं गिर्यारोहण मंडळ काढलं. त्याचे अध्यक्षही आपणच झाले. माईचा अनुग्रह घेऊनच गड उतरणार, असं अख्ख्या मंडळाला सांगून ठेवलेलं. आता मंत्राविना खाली जायचं म्हणजे नाक कापून घ्यायचं.

“आधी जेवू घाल, मास्तर,” माई म्हणाली. “मग भांडी घास. मग तीर्थ देते. तीर्थ घेतलंस, की मंत्र.”

मास्तर! मंडळातलं कुणीतरी फिसकन हसलं. सरांनी तिकडे नुसतं पाहिलं. हसू जागच्या जागी विझलं.

पण काम ऐकून सर खुलले. यात त्यांचा हात कोण धरणार?

वारा बघून त्यांनी कातळाच्या आडोशाला तीन दगडांची चूल मांडली. पातेल्याला बाहेरून ओल्या मातीचा लेप दिला.

“लेप कशासाठी? सांगा कुणीतरी!”

साठी-सत्तरीची माणसं वर्गात बसल्यासारखी गप्प.

“काजळी मातीवर बसते, भांड्यावर नाही! आणि डाळ-तांदूळ घरूनच धुऊन, वाळवून आणायचे. गडावरचं पाणी धुण्याबिण्यासाठी नसतं. कळलं?”

सगळ्यांनी माना डोलावल्या.

खिचडी झकास झाली. वर तूप सढळ. माईने दुसऱ्यांदा मागून घेतली.

“हाताला चव आहे रे तुझ्या.”

सर फुगले.

भांड्यांची वेळ आली तेव्हा मंडळातल्या वीणाताईंनी पिशवीतून साबणाची बाटली काढली. सर वसकन अंगावर गेले. “साबण? गडावर? अक्कल काय घरी ठेवून आलात?”

वीणाताईंनी बाटली परत पिशवीत टाकली. डोळे भरले होते त्यांचे.

सरांनी उरलेलं खरकटं खड्डा करून पुरलं. पातेल्याबाहेरची माती काजळीसकट खरवडून काढली. मग निवलेली राख, वाळक्या गवताचा बोळा… असं घासलं की वर्गात नमुना म्हणून ठेवावं.

आणि पातेलं घेऊन ते टाक्याकडे गेले.

कातळात खोदलेलं जुनं टाकं. गडावर प्यायचं पाणी तेवढंच. पाऊस लागेपर्यंत माई त्यावरच जगायची.

सरांनी बूट काढले. पायरीला हात लावून कपाळाला लावला. डोळे मिटून नद्यांची नावं घेतली.

आणि पातेलं टाक्यात बुडवलं.

खळबळून. आतून, बाहेरून.

राखेचा ढग पाण्यात पसरला. मागोमाग तूप सुटलं. गार पाण्यात त्याचे पांढरे ठिपके झाले.

मंडळ बघत होतं. कुणी हूं की चूं केलं नाही. मोठा माणूस करतोय म्हणजे बरोबरच असणार. असंच मानून या लोकांची आयुष्यं गेली होती.

माई उठली. लोटी घेऊन आली. जिथे ठिपके दाट होते, नेमकी तिथेच लोटी बुडवली.

“हात कर.”

सरांनी गडबडीने उजव्या तळव्याखाली डावा धरला. डोळे मिटले. माईने धार सोडली.

सरांनी डोळे उघडले.

तळहातावर करडं पाणी. त्यात एक शीत.

“माई… हे…”

“तीर्थ.”

“हे खरकटं आहे!”

तोंडून गेलं, आणि सरांचा चेहरा पांढराफटक पडला.

“कुणाचं?”

पाणी बोटांमधून गळत होतं. मंडळाकडे बघायची हिंमत होईना.

“दुसरं द्या, माई. पलीकडून घ्या. स्वच्छ.”

“पलीकडून?”

माईने टाक्यावरून नजर फिरवली. टाकं एकच. पाणी एकच.

मग तिने लोटी तोंडाला लावली.

“माई, नका!”

वर्गावर ओरडायचा आवाज नव्हता तो. कानफटात बसलेल्या पोराचा होता.

माई घटाघट पीत राहिली. राख, तूप, सगळं. लोटी रिकामी होईपर्यंत. आणि सर उघड्या तोंडाने तिचा हलणारा गळा बघत राहिले. आज हे. उद्याही हेच पिणार होती ती. परवाही.

माईने भगव्या पदराने तोंड पुसलं. ओठाच्या कडेला तूप राहिलंच.

सर मटकन पायरीवर बसले.

“आता… आता कुठल्या तोंडाने मंत्र मागू?”

“दिला की.”

“कुठला?”

माईने टाक्याकडे बोट केलं.

“हे जप, मास्तर.”