निळ्या बोरांची काडी

कुठल्याशा डोंगरगावात हौसा नावाची एक बाई राहायची. कामाला वाघीण, पण धीर म्हणाल तर नावालाही नाही. भात चुलीवर चढवला की सतरांदा झाकण काढून बघायची, आणि मग भात कच्चा राहिला म्हणून तांदळाला नावं ठेवायची!

त्या गावात घरोघरी निळ्या बोरांची झुडपं होती. लेक सासरी निघाली की माहेरच्या झुडपाचं रोप ओटीसोबत द्यायचं, ही तिथली रीत. सासरच्या दारात ते रोप जगलं म्हणजे लेक रमली, असं सगळे मानत. आणि मेलं तर? ते कुणी बोलून दाखवत नसे, पण सासूच्या कपाळावर आठी पडायचीच.

हौसाच्या लेकीचं, सगुणाचं, लग्न वैशाखात ठरलं. आणि ऐन थंडीत परड्यातलं एक जुनाट झाड मोडून नेमकं बोरांच्या झुडपावर पडलं. झुडूप मुळासकट उखडलं. हौसानं आधी मोठ्यानं गळा काढला, मग डोळे पुसून फांद्यांच्या वीतभर काड्या कापल्या आणि कुंड्यांत खोचल्या. आता लेकीचं रोप झालं तर या काड्यांतूनच होणार होतं.

पण हौसाला चैन कुठली! पाणी जास्त झालं का? ऊन कमी पडतंय का? कुंड्या सकाळी ओसरीवर, दुपारी परड्यात. सगुणा म्हणायची, "आई, काड्यांना घेरी येईल गं!"

फाल्गुनात काड्यांना पालवी फुटली आणि मागोमाग पांढऱ्या फुलांचे घोस आले. हौसा हरखली. ज्याला त्याला हाताला धरून परड्यात नेऊ लागली.

थोरल्या जाऊबाई आल्या, फुलं बघितली आणि म्हणाल्या, "हौसा, ही फुलं खुडून टाक. काडीच्या अंगात होता नव्हता तो जोर त्यांच्यावर चाललाय. मुळं कशाच्या बळावर धरायची?"

"खुडू? अहो, लग्नात दाखवायचीत मला! विहीणबाई तोंडात बोटं घालतील."

"बघ बाई, तुझी मर्जी," म्हणून जाऊबाई निघून गेल्या.

चैत्राचं ऊन तापलं आणि एकेक काडी मान टाकू लागली. हौसानं सुकलेली एक उपटून पाहिली. खाली मुळाचा पत्ताच नव्हता. तरी उरलेल्यांची फुलं खुडायला हात धजेना. आज खुडू, उद्या खुडू करता करता लग्नाच्या आदल्या दिवशी एकच रोप उरलं, फुलांनी गच्च भरलेलं. पाहुण्या बायका त्याचं कौतुक करत होत्या. हौसाचा हात फुलांपाशी जाई आणि तसाच माघारी येई.

सगुणा हळदीच्या अंगानं बाहेर आली. "आई, खुड ती फुलं."

"अगं, लोक हसतील. आईनं नुसती काडी दिली म्हणतील."

"हसू देत. मला फुलं नकोत, झाड पाहिजे. दारात ते मेलेलं मी कशी बघू?"

हौसा कुंडीपाशी बसली. तिनं सगळ्यांदेखत एकेक घोस खुडला. मांडवात खसखस पिकली. विहीणबाई म्हणाल्या, "काड्यांना आमच्याकडे तोटा नव्हता हो!"

लेक घाटापलीकडे सासरी गेली आणि हौसाचा जीव टांगणीला लागला. घाटापलीकडून येईल त्याला ती विचारायची, "रोप दिसलं का हो दारात?" कुणी म्हणे काडी दिसली, कुणी म्हणे लक्ष नाही गेलं. एकदा तर ती बघायला निघालीच होती. जाऊबाईंनी वेशीवरून परत आणली. म्हणाल्या, "तू जाऊन उपटूनच बघशील!"

असे काही पावसाळे गेले. एका थंडीत सगुणा माहेरपणाला आली. हातात ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या काड्या होत्या.

"आई, आपल्याच बोरांच्या! दारात माझ्या कमरेएवढं झुडूप झालंय. सासूबाईंनी स्वतः कापून दिल्यात. म्हणाल्या, विहीणबाईंचं परडं रिकामं आहे."

हौसाला रडू आवरेना. एका काडीच्या शेंड्यावर टपोऱ्या कळ्या होत्या. तिनं पदरानं डोळे पुसले, आधी त्या कळ्या खुडल्या आणि मगच काडी मातीत खोचली.

तात्पर्य काय, तर चार लोकांना दाखवायच्या घाईत अंगातला जोर उधळू नये. आधी मूळ धरू द्यावं, फुलं मागून येतातच.