राऊटरवरचा रुमाल

घरोघरी नेट नुकतं आलं तेव्हाचा एक राऊटर नलूमावशींकडे अजून टिकून होता. धूळ बसू नये म्हणून मावशींनी त्याच्यावर स्वतः विणलेला जाड रुमाल घातला होता. दुपारी राऊटर तापायचा आणि नेट जायचं.

“जीव गुदमरतोय रे,” तो म्हणायचा.

“माझ्यामुळेच टिकलास,” रुमाल ठसक्यात सांगायचा.

वैतागून मावशी म्हणाल्या, “उद्या हा भंगारात!” पण पाहुणे येणार म्हणून त्यांनी आधी घरातले सगळे रुमाल धुवायला काढले. त्या दुपारी लेकीशी व्हिडिओवर तासभर बोलणं झालं, एकदाही तुटलं नाही. मावशींनी राऊटरला हात लावला. “अगंबाई, गार आहे की!”

रुमाल फुलदाणीखाली गेला. तिथून म्हणाला, “बघ, धूळ बसली तुझ्यावर.”

“बसू दे,” राऊटर म्हणाला, “ती श्वास तरी घेऊ देते.”